भिंतीमागचा शिपाई : वॉरगेममधल्या बचावाच्या नियमांची झाडाझडती



सुरुवातीला एक टेबल डोळ्यांसमोर आणू या. टेबलावर एक पडकी भिंत आहे. भिंतीमागे पायदळाचे आठ शिपाई, प्रत्येक जण करंगळीच्या दोन पेरांएवढा. दोन फुटांवर शत्रूची मशीनगन. समोरचा खेळाडू म्हणतो, ‘माझा गोळीबार’, आणि मूठभर फासे उचलतो. आता त्या भिंतीचं काय करायचं?

प्रश्न साधा वाटतो. भिंत आहे म्हणजे शिपाई थोडे कमी मरणार, एवढंच ना? पण कमी म्हणजे किती, कुणाच्या बाबतीत, आणि त्या बदल्यात भिंतीमागे बसलेल्याने काय गमवायचं, हे तीन प्रश्न विचारले की टेबलटॉप वॉरगेमचे जाडजूड नियमग्रंथसुद्धा अडखळायला लागतात. आज आपण त्यातल्या काही खेळांकडे टीकाकाराच्या नजरेने बघणार आहोत. कुठला खेळ चांगला आणि कुठला वाईट असा निकाल द्यायचा नाही. नियम तोंडाने काय बोलतो आणि टेबलावर काय घडवतो, यातलं अंतर मोजायचं आहे.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बचावाचा नियम किती शिपाई वाचवतो यावरून जोखायचा नसतो. तो दोन्ही खेळाडूंपुढे काही निवड ठेवतो का, यावरून जोखायचा असतो. आणि सुरक्षिततेची काहीतरी किंमत मोजावी लागत असेल, तरच ती निवड खरी असते.

हे शहाणपण आम्हाला फुकट मिळालेलं नाही. आमच्या गटाने एकदा दुसऱ्या महायुद्धाच्या खेळासाठी घरचा नियम केला होता. आडोशातल्या पायदळावर नेम धरताना दानातून दोन वजा करायचे, आणि ते पायदळ मागच्या फेरीत जागचं हललं नसेल तर आणखी एक वजा. युक्तिवाद ऐकायला चोख होता: स्थिर शिपाई दबून बसतो, दिसत नाही, म्हणून कमी मरतो. पहिल्याच डावात दोन्हीकडची पायदळं आपापल्या भिंतीमागे जाऊन बसली, ती सहा फेऱ्या उठलीच नाहीत. कुणी मेलं नाही, कुणी जिंकलं नाही, आणि नव्याने आलेला एक गडी चहा पिऊन जो गेला तो पुन्हा आला नाही. पायदळाला न्याय द्यायला गेलो आणि डावच मारून बसलो. आजचं हे बोलणं त्या संध्याकाळीतून निघालेलं आहे असं समजा.

खरी भिंत

थोडं मागे जाऊ. १८२४ साली प्रशियाच्या तोफखान्यातल्या राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने आपल्या वडिलांच्या कल्पनेवरून ‘क्रीगस्पील’ पूर्णत्वाला नेला. नकाशा, दोन मिनिटांची एक चाल, फासे, तक्ते आणि पंच. तक्ते इतके वाढले की १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्न्वा यांनी ते बाजूला सारून सरळ पंचाच्या अनुभवावर निवाडा सोपवला. भिंतीमागे किती वाचले? पंच सांगेल तितके. सैनिकी शाळेत हे चालतं, कारण पंच वरिष्ठ अधिकारी असतो. दोन मित्र टेबलाशी बसले की हे चालत नाही. तिथे पंच नसतो आणि दोघांनाही जिंकायचं असतं. त्यामुळे आपल्याला तक्ताच लागतो.

मग १९१३ साली एच. जी. वेल्स यांचं ‘लिटल वॉर्स’ आलं. त्यात एक मोठी गंमत आहे. वेल्सच्या खेळात तोफ खरोखरची उडते. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडाचा छोटा तुकडा सुटतो आणि जो शिपाई आडवा होतो तो मेला. म्हणजे भिंतीमागच्या शिपायासाठी वेगळा नियमच लागत नाही. ठोकळ्यांचं घर मध्ये असेल तर तुकडा घराला लागतो, विषय संपला. आडोशाचा इतका प्रामाणिक नियम नंतर कुणाला जमला नाही, कारण तो नियमच नव्हता. ती भिंत होती.

पण याच खेळात तुकड्या समोरासमोर भिडल्या की साधारण एकास एक माणूस उचलायचा, एकाकी सापडलेल्यांना कैद करायचं. तिथे ना भूमी मोजली जाते, ना भीती. वेल्सचा शिपाई आडोसा घेतो, पण घाबरत नाही. त्याच्यावर तासभर तोफ डागली आणि एकही नेम लागला नाही, तरी पुढच्या चालीला तो ताजातवाना चालायला लागतो. ही उणीव आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

एकाची किंमत

आता आजच्या सर्वांत परिचित उदाहरणाकडे येऊ. ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा खेळ १९८७ पासून चालू आहे. काळ दूरच्या भविष्याचा, पण पायदळाचा प्रश्न तोच. गोळीबार करणारा आधी लागलं का याचे फासे टाकतो, मग जखम झाली का याचे. मग बचाव करणारा चिलखताचे फासे टाकतो, ज्याला सेव्ह म्हणतात. स्पेस मरीन या जाड चिलखताच्या शिपायाला ३ किंवा वरचं दान लागतं. इम्पीरियल गार्डच्या साध्या शिपायाला ५ किंवा वरचं.

१९९८ ते २०१७ या काळात या खेळात शस्त्राची भेदकता ‘सगळं किंवा काहीच नाही’ अशी होती. शस्त्र पुरेसं भेदक असेल तर चिलखत शून्य, नसेल तर चिलखत पूर्ण. आडोसा हा स्वतंत्र बचाव होता. पडक्या इमारतीत असाल तर ४ किंवा वरचं दान, चिलखत कसलंही असो. चिलखत आणि आडोसा यांतला जो चांगला तो एकच वापरायचा.

याचा परिणाम बघा. समोर हेवी बोल्टर आहे. ती गार्डच्या शिपायाचं चिलखत फाडते, मरीनचं नाही. उघड्यावर गार्डवाल्याला काहीच बचाव नाही; इमारतीत शिरला की निम्मे वाचतात. त्याच्यासाठी भिंत म्हणजे जीव की प्राण. आणि मरीन? त्याच्याकडे ३ चा बचाव आधीच आहे, भिंतीचा ४ त्याला कशाला हवा? तो इमारतीत उभा राहिला काय आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिला काय, या तोफेपुढे सगळं सारखंच. गरीब शिपाई आडोशाला, श्रीमंत शिपाई उघड्यावर. काहींना हे खटकायचं: चिलखत असलं म्हणून भिंतीचा उपयोग होऊ नये, हे कसं? तक्रार रास्त होती. पण त्या नियमात एक शहाणपण होतं. ज्याला भिंतीची गरज होती, त्यालाच ती मिळत होती.

२०१७ च्या आवृत्तीने हे बदललं. भेदकता आता वजाबाकी झाली आणि आडोसा ही बेरीज: आडोशात असाल तर चिलखताच्या दानात एक मिळवा. दिसायला किती सुटसुटीत! सगळ्यांना सारखं एक. आता आपण हिशेब करू. कागद घ्यायची गरज नाही, आकडे सोपे आहेत.

समजा ६० जखमा झाल्या, शस्त्र बिनभेदक आहे. मरीन उघड्यावर असतील तर ३ किंवा वर वाचतात, म्हणजे २० मरतात. आडोशात २ किंवा वर, म्हणजे १० मरतात. मृत्यू थेट निम्म्यावर. आता गार्ड. उघड्यावर ४० मरतात, आडोशात ३०. मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी. कुणी म्हणेल, दोघांचेही दहा-दहाच वाचले की. बरोबर आहे, मुंडकी मोजली तर दहाच. पण मरीनचे दहा आणि गार्डचे दहा यांची खेळातली किंमत एक नाही. आणि टिकण्याच्या भाषेत बोलायचं तर भिंतीमागचा मरीन दुप्पट काळ टिकतो, भिंतीमागचा गार्ड एक तृतीयांश जास्त.

याहून वाईट पुढे आहे. समोरचं शस्त्र तीनने भेदणारं असेल तर गार्डचा ५ होतो ८, आणि भिंतीने एक मिळवून दिल्यावर ७. आता सहा बाजूंच्या फाशावर सातचं दान कुठून पडायचं? म्हणजे तोफखान्यापुढे, ऐन गरजेच्या वेळी, त्या भिंतीचा साध्या शिपायाला काडीचा उपयोग नाही. तिकडे मरीनचा ३ झाला ६, भिंतीने केला ५. त्याला मिळालं. जुना नियम गरिबाला भिंत देत होता, नव्याने ती श्रीमंताला दिली. आणि हे सगळं ‘सर्वांना सारखं एक’ या गोंडस वाक्याच्या आडोशाने.

लेखकांच्याही हे लक्षात आलं असावं. २०२३ च्या आवृत्तीत त्यांनी अपवाद घातला: ज्याचं चिलखत ३ किंवा त्याहून चांगलं आहे त्याला बिनभेदक शस्त्रांविरुद्ध आडोशाचा फायदा नाही. दुरुस्ती योग्य दिशेची आहे. पण ती ठिगळ आहे हेही मान्य करू या. वरचं टोक कापलं. खालचं टोक, म्हणजे सातच्या दानाची वाट बघणारा शिपाई, तसाच राहिला.

मध्यंतरात एकाने विचारलं की हे सगळं पॉइंट्समध्ये भरून काढता येणार नाही का? ज्याला जास्त फायदा त्याची किंमत वाढवा. नाही येणार, आणि कारण महत्त्वाचं आहे. चिलखत शिपायासोबत येतं, त्यामुळे त्याची किंमत लावता येते. भिंत टेबलासोबत येते. आज टेबलावर बारा पडकी घरं आहेत, उद्या मोकळं मैदान असेल. भिंतीची किंमत कुणीच मोजलेली नसते. म्हणून फुकटच्या गोष्टीने कुणाला किती द्यायचं, हे नियमातच नीट ठरवावं लागतं.

नेम कुणाचा चुकतो

मग दुसरा रस्ता सुचतो. चिलखतात बेरीज नको, नेमबाजाच्या दानातून एक वजा करू. भिंत काय करते? शिपाई लपवते. मग नेमच चुकला पाहिजे. पटण्यासारखं आहे. पण हिशेब पुन्हा तोच, फक्त पलीकडच्या बाजूने.

६० गोळ्या. चांगला नेमबाज ३ किंवा वर लागतो: ४० लागतात, आडोसा असेल तर ३०. वाईट नेमबाज, उदाहरणार्थ याच खेळातले ऑर्क, ५ किंवा वर: २० लागतात, आडोसा असेल तर १०. चांगल्याचा चौथा हिस्सा गेला, वाईटाचा निम्मा. आता भिंत बचाव करणाऱ्यांत भेद करत नाही, पण मारणाऱ्यांत करते. २०१७ नंतरच्या काही वर्षांत या खेळात अशा वजाबाक्या एकावर एक चढायला लागल्या. ऑर्कांसारख्यांचे फासे निव्वळ शोभेचे व्हायला लागल्यावर पुढच्या आवृत्तीत मर्यादा घालावी लागली: काहीही झालं तरी एकाहून जास्त फरक नाही, आणि सहाचं दान कायम लागलेलंच धरायचं.

आमच्या घरच्या नियमात नेमकी हीच चूक होती. दोन आणि एक मिळून तीन वजा, सहा बाजूंच्या फाशावर! फासा हा लहान प्राणी आहे मंडळी. त्याच्या पाठीवर एकाचं ओझं चालतं, दोनाने तो वाकतो, तिनाने बसतो.

दोन वेगळी दारं

आता जरा कौतुकाकडे येऊ. ‘फ्लेम्स ऑफ वॉर’ हा दुसऱ्या महायुद्धाचा खेळ २००२ चा. आपण त्याची तिसरी आवृत्ती धरू. या खेळाने एक गोष्ट फार आधी ओळखली: भिंत दोन कामं करते आणि ती दोन्ही वेगळी आहेत. एक, ती लपवते. दोन, ती गोळी अडवते. झुडूप पहिलं काम करतं, दुसरं नाही. खंदक दोन्ही करतो.

त्यांचा नियम असा. पायदळाला किती दानावर लागतं हे मारणाऱ्यावर नाही, ज्याला मारायचं त्याच्या अनुभवावर ठरतं. नवशिक्या तुकडीला २ वर, प्रशिक्षितांना ३ वर, मुरलेल्यांना ४ वर. मुरलेला शिपाई जमिनीची प्रत्येक वळी वापरतो, हे त्या एका आकड्यात आलं. लपलेले असतील तर एक आणखी कठीण. त्या फेरीत हलले नाहीत आणि गोळीबारही केला नाही, तर आणखी एक. मग सगळ्या पायदळाला ३ वर बचाव. आणि खंदकात असतील तर बचाव हुकल्यावरही शस्त्राला आणखी एक परीक्षा द्यावी लागते. रायफलीला त्यासाठी ६ लागतो.

मुरलेला शिपाई उघड्यावर असेल तर रायफलीच्या सहा गोळ्यांमागे एक मरतो. तोच खंदकात असेल तर ५४ गोळ्यांमागे एक. तोच खंदकात गप्प बसला तर १०८ मागे एक. तुम्ही म्हणाल, हा तर आमच्या फसलेल्या घरच्या नियमापेक्षा भयंकर आहे! मग इथे डाव का मरत नाही?

दोन कारणं आहेत. पहिलं, त्या गप्प बसण्याची किंमत रोख मोजावी लागते. गोळीबार केला की तो फायदा गेला. दर फेरीला खेळाडू स्वतःला विचारतो: मारू की लपू? दुसरं कारण अधिक मोलाचं. मेले किती हा हिशेब वेगळा आणि लागल्या किती हा वेगळा. एका तुकडीवर पाच गोळ्या लागल्या, भले एकही मेला नाही, तरी ती दबते. दबलेल्या तुकडीचा मारा कमी होतो आणि ती शत्रूच्या दिशेने सरकू शकत नाही. तेव्हा हल्ला करणारा खंदकावर गोळीबार करतो तो मारण्यासाठी नव्हे, डोकी खाली ठेवण्यासाठी. तेवढ्यात त्याचं पायदळ पुढे सरकतं आणि शेवटी हातघाईला भिडतं, जिथे आडोशाचं गणित बाजूला पडतं. खंदकाला उत्तर आहे, पण ते उत्तर दुसऱ्या दाराने येतं.

या खेळावर आमचा आक्षेप एवढाच की एका गोळीसाठी तीन-तीनदा फासे टाकायला लावतो. संध्याकाळ छोटी असते.

वेळेने मोजलेली किंमत

वेल्सच्या शिपायाला भीती नव्हती, असं मघाशी म्हटलं. ती भीती सगळ्यात सोप्या रीतीने टेबलावर आणली ती ‘बोल्ट ॲक्शन’ने. २०१२ चा खेळ. आपण २०१६ ची दुसरी आवृत्ती बघू. एखाद्या तुकडीच्या माऱ्यातली एक जरी गोळी लागली की समोरच्या तुकडीवर एक पिन. पिन असताना काही करायचं तर दोन फाशांची बेरीज मनोधैर्याच्या आकड्याच्या आत यावी लागते, आणि प्रत्येक पिन त्या आकड्यातून एक खाते. नियमित तुकडीचं मनोधैर्य ९. एक पिन असेल तर आठ किंवा कमी हवेत: शंभरात साधारण ७२ वेळा जमतं. तीन पिन असतील तर सहा किंवा कमी: ४२ वेळा. कुणी मेलेलं नाही, पण तुकडी ऐकेनाशी होते.

आणि मग ‘डाउन’ हा हुकूम. तुमच्या तुकडीवर गोळीबार होतोय आणि तिने या फेरीत अजून काही केलेलं नाही. तुम्ही म्हणू शकता, ‘झोपा!’ नेम दोनाने कठीण होतो. पण त्या तुकडीची ही फेरी संपली. ना चाल, ना मारा. आम्हाला हा या सगळ्या खेळांतला सर्वांत सुंदर बचावाचा नियम वाटतो, कारण किंमत तिथल्या तिथे, शत्रूच्या डोळ्यांदेखत मोजली जाते. शत्रूलाही त्यात काही मिळतं. त्याने माणूस मारला नाही, पण तुमची फेरी खाल्ली. दोघंही काहीतरी घेऊन पुढे जातात. समतोल म्हणतात तो हा.

दोष नाहीत असं नाही. पक्क्या आडोशाचे दोन वजा आणि झोपण्याचे दोन वजा एकत्र आले की ३ च्या जागी ७ लागतो, आणि त्यासाठी या खेळात सहावर पुन्हा सहा पडावा लागतो. म्हणजे ३६ गोळ्यांत उघड्यावर २४ लागतात, नुसत्या भिंतीमागे १२, नुसतं झोपलं तरी १२, आणि भिंतीमागे झोपलं की १. बारावरून एकदम एक! बेरजेचा फासा इथेही बसलाच. दुसरा दोष: एक गोळी लागो की आठ, पिन एकच. त्यामुळे मोठ्या तुकडीपेक्षा चार छोट्या तुकड्या फायद्याच्या ठरतात, आणि टेबलावर लोक युद्धासारखी फौज न आणता नियमासारखी फौज आणायला लागतात.

बचाव म्हणजे फक्त न मरणं नव्हे

इथे एक गोष्ट विसरली जाते. पायदळ भिंतीमागे बसतं ते जगण्यासाठी, पण तेवढ्यासाठीच नाही. समोरची जागा शत्रूला ओलांडू द्यायची नाही म्हणूनही बसतं. ‘स्क्वॉड लीडर’ हा जॉन हिल यांचा १९७७ चा पटावरचा खेळ, आणि त्याचा १९८५ चा वारसदार ‘ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’, यांना हे पक्कं ठाऊक होतं. दगडी घर तीनने वाचवतं, लाकडी दोनने, आणि फासे दोन असल्यामुळे ते ओझं पेलतं. पण खरी गंमत शत्रूच्या चालीत आहे. नंतरच्या खेळात शत्रू तुमच्यासमोरून चालतोय तेव्हाच तुम्ही मारू शकता. तो घाईने चालला म्हणून एक तुमच्या बाजूने, उघड्यावरून चालला म्हणून आणखी एक. त्याला ते टाळायचं असेल तर एकेक घर जपून सरकावं लागतं. घाई केली तर मरण, जपून गेलं तर वेळ जाणार. भिंतीमागच्या शिपायाला एक गुणही न वाढवता त्याचा बचाव भक्कम झाला. बचाव भिंतीत नव्हता, भिंतीसमोरच्या मोकळ्या जागेत होता.

आम्हाला घरी हेच सुचायला हवं होतं. आम्ही भिंत जाड करत बसलो.

चौकोन

शेवटचं उदाहरण इतिहासातून. नेपोलियनच्या काळातलं पायदळ घोडदळ आलं की चौकोन करायचं. चारी बाजूंना संगिनी, पाठ कुठेच नाही. १८ जून १८१५ ला वॉटर्लूवर मार्शल नेच्या फ्रेंच घोडदळाने दुपारभर या चौकोनांवर धडका दिल्या आणि चौकोन फुटले नाहीत. मग हा बचाव अजिंक्य झाला का? त्याच मैदानावरच्या २७व्या इनिस्किलिंग रेजिमेंटला विचारा. चौकोनात उभं राहून त्यांनी तोफा-बंदुकांचा मारा खाल्ला आणि बहुतेक रेजिमेंट जागच्या जागी कापली गेली. घोड्यापुढे गड असलेला चौकोन तोफेपुढे आयतं निशाण असतो.

म्हणून त्या काळावरच्या बऱ्या नियमांत पायदळाचा बचाव आपोआप समतोल येतो. चौकोन केला तर तोफ खाते, रांग धरली तर घोडा खातो. प्राचीन युद्धांवरच्या ‘डीबीए’त हेच दोन आकड्यांत बसवलंय. तलवारधारी पायदळ पायदळाविरुद्ध ५, घोडदळाविरुद्ध ३. धनुर्धारी पायदळाविरुद्ध २, घोडदळाविरुद्ध ४. कुणीच सगळ्यांपासून सुरक्षित नाही. आपल्या बुद्धिबळातलं प्यादंसुद्धा बघा ना. एकमेकांना तिरकं जोर देत प्याद्यांची साखळी उभी राहते तेव्हा ती फोडणं कठीण, पण तिला माघार नाही आणि तिच्या बुडाशी हल्ला झाला की वरची सगळी लटकतात. एकापासून मिळालेलं संरक्षण हे दुसऱ्याला दिलेलं आमंत्रण असलं पाहिजे.

मग नियम लिहिताना

आपल्यापैकी जे घरी नियम लिहितात, त्यांनी बचावाचा नियम लिहून झाला की चार प्रश्न विचारावेत. सगळ्यात कमजोर आणि सगळ्यात बळकट शिपायाला या नियमाने किती टक्के मिळतं? सर्वांना सारखी बेरीज म्हणजे सर्वांना सारखा न्याय नव्हे, हे आपण पाहिलं. या सुरक्षिततेची किंमत काय: वेळ, चाल की मारा? तिला उत्तर काय, आणि ते उत्तर दोन्ही फौजांकडे आहे का? आणि शेवटचा प्रश्न: सगळे फायदे एकावर एक चढवले तर फासा अजून चालतो का, की बसतो?

पाचवी गोष्ट प्रश्न नाही, निरीक्षण आहे. बचावाचे फासे शक्यतो ज्याची माणसं मरतायत त्याच्या हातात द्यावेत. गणिताने काहीच फरक पडत नाही. कुणीही टाकले तरी शक्यता तीच. पण समोरचा दहा मिनिटं तुमच्या शिपायांवर फासे टाकतोय आणि तुम्ही नुसते उचलून डब्यात ठेवताय, ही फार वाईट संध्याकाळ असते. आपल्या हाताने टाकलेल्या दानावर आपला शेवटचा शिपाई वाचला, तर हरलेला माणूससुद्धा घरी जाताना त्याचीच गोष्ट सांगतो. तो चहा पिऊन गेलेला गडी आम्हाला अजून आठवतो. त्याने त्या संध्याकाळी एकदाही स्वतःसाठी फासा टाकला नव्हता.

आता एवढा खल कशासाठी, खेळच तर आहे, असं कुणी म्हणेल. वेल्सने १९१३ मध्ये आपल्या पुस्तकाच्या शेवटी युद्धाविरुद्धच लिहिलं. खेळून बघा म्हणजे खरं युद्ध किती गबाळं प्रकरण असतं ते कळेल, असा त्याचा सूर होता. पुढच्याच वर्षी खरं युद्ध आलं आणि त्यातलं पायदळ चार वर्षं खंदकात बसलं. सर्वांत जास्त मरण पायदळाच्या वाट्याला येतं, आणि वॉरगेममध्ये सर्वांत आधी डब्यात परत जातो तोही पायदळाचाच शिपाई. त्याला अजिंक्य करून त्याचा मान राखला जात नाही. तसा शिपाई दगड होतो. त्याला फुकट मरायला लावूनही राखला जात नाही. तसा शिपाई आकडा होतो. भिंतीमागे बसायचं की उठायचं, याचा निर्णय ज्या नियमात जड जातो, त्या नियमात तो करंगळीएवढा शिपाई माणूस असतो.

आमच्या गटाने तो घरचा नियम रद्द केला. आता आडोशाचा एकच वजा होतो. झोपायची मुभा सगळ्यांना आहे, पण झोपला त्याची फेरी गेली. गेल्या काही डावांत भिंतीमागून पायदळ उठायला लागलंय. कधी उठून मरतं, कधी पोचतं. पण उठतं.